ट्रेमध्ये काय होतं

फॉर्मचा तेरावा रकाना: कुटुंबात कोणावर अशा प्रकारचं ऑपरेशन झालं आहे का? असल्यास काय काढलं?

फॉर्म गुजरातीत आहे. जागा दीड ओळ. मी लिहिलं: हो. पेशंटच्या आईवर. १९९२.

आई म्हणजे मी. पुढच्या शब्दासाठी पेन टेकवलं आणि उचललं, तिथे निळा ठिपका पडला. सिस्टर म्हणाली, "रेहवा दो बेन, पछी भरजो," म्हणजे राहू द्या, नंतर भरा, आणि मोहनाला आत घेऊन गेली. ऑपरेशन थिएटरचं दार मिटलं. सव्वानऊ.

गोत्रीतलं हे हॉस्पिटल. तिसरा मजला. थिएटरसमोर बाक, बाकावर मी आणि अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील, भास्करराव, वय चौऱ्याऐंशी, रेल्वेच्या प्रतापनगर वर्कशॉपातून रिटायर झालेले. मोहनाचे बाबा, दिग्विजय, रिफायनरीत. तिथे शटडाऊन चालू आहे, दुपारनंतर सुटतील.

दीड ओळीत मावेना म्हणून पिशवीतले पेपर काढलेत. मी कारेलीबागेत घरीच गणिताच्या ट्यूशन घेते. नववीच्या बीजगणिताची चाचणी तपासायला आणली होती. मागची बाजू कोरी आहे. लिहिते.

*

काय काढलं: अपेंडिक्स.

हे उत्तर मी नऊ वर्षं दिलं. एकोणीस वर्षांची होते, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. पोटात दुखायला लागलं, अण्णांनी रिक्षात घातलं, शुद्ध आली तेव्हा बेंबीपासून खाली सरळ टाके होते. आई म्हणाली, अपेंडिक्स. फुटलं होतं, म्हणून छेद एवढा मोठा. पुढे लग्नासाठी बघायला येणाऱ्या मंडळींनाही ती हेच सांगायची, चहाच्याही आधी, म्हणजे नंतर कोणी बोट दाखवायला नको. दिग्विजयच्या आईने तर समाधान व्यक्त केलं. "बरं झालं, एक कटकट गेली."

खोडते.

काय काढलं: डावी ओव्हरी.

हे मला २००१ साली कळलं. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि मूल होत नव्हतं. रावपुऱ्यात सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत डॉक्टर बराच वेळ डावीकडेच दाबत राहिले. मग म्हणाले, "ही काढलीये का?" मी म्हटलं, "नाही, माझं अपेंडिक्स काढलंय." त्यांनी पोट पुसायला टिश्यू दिला. एकाऐवजी चार दिले.

त्या संध्याकाळी माहेरी जाऊन आईला विचारलं. ती मेथी निवडत होती. "मला काय माहीत," म्हणाली. "आत हे गेले होते. ह्यांनी बाहेर येऊन सांगितलं, तेच मी सगळ्यांना सांगितलं." आईला जाऊन आता चौदा वर्षं झाली. आणि अण्णांना मी अजून

*

अण्णांनी विचारलं, काय लिहितेयस. मी म्हटलं, पेपर तपासतेय.

"उलट्या बाजूने?"

"काही मुलं उलट्या बाजूने सोडवतात."

"मग शून्य दे त्यांना," म्हणाले, आणि पिशवीतून लीलो चेवडो काढला. बटाट्याचा, ओलसर, आंबटगोड. घरी डाळिंबाचे दाणे काढूनच खातात, दातात अडकतात म्हणून. इथे ते दाणे बाकावर एका रांगेत मांडायला लागले. समोरून सिस्टर गेली.

"दादा, अहीं नाश्तो नहीं."

"नाश्ता कुठे, औषध आहे हे," अण्णा मराठीतच म्हणाले. तिला कळलं. हसली आणि गेली.

मी परत

*

काय काढलं. तिसऱ्यांदा.

तीन दिवसांपूर्वी डॉ. योगिनी आम्हाला समजावून सांगत होत्या. मोहनाच्या डाव्या ओव्हरीवर आठ सेंटिमीटरची गाठ आहे. साधी आहे, डरमॉइड म्हणतात. आत केस, चरबी, कधीकधी दातसुद्धा असतो. शरीर स्वतःशीच काहीतरी घडवत बसतं, घाबरायचं कारण नाही. दुर्बिणीतून काढायची. तीन भोकं, त्यातलं एक बेंबीत, नंतर दिसणारही नाही. एक दिवस ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी घरी. गाठ सोलून काढायची आणि ओव्हरी ठेवायची. "पूर्ण प्रयत्न करीश," म्हणाल्या, "पण आत गेल्यावरच कळतं. नाहीच जमलं तर काढावी लागेल, त्याची सही आधी हवी."

मोहना एकोणीसची आहे. माझं ऑपरेशन झालं तेव्हा मी होते तेवढीच. तिची सही तीच करणार. मी आपोआप हात पुढे केला होता पेनासाठी, तो मागे घेतला. तिने फॉर्म आधी पूर्ण वाचला. मग डॉक्टरांना म्हणाली, "काढायलाच लागली तर आधी फोटो काढा. मला बघायचीये."

"तने बीक नथी लागती?" डॉक्टरांनी विचारलं. भीती नाही वाटत?

"वाटते ना. पण आई, बघ ना," माझ्याकडे वळून म्हणाली, "मला अजून अक्कलदाढ आली नाही आणि माझ्या गाठीला दात आलाय. ती माझ्यापेक्षा हुशार निघाली."

ती हसली तशी मीही हसले. मग डॉक्टरांनी माझ्या पोटाबद्दल विचारलं, आणि मला जेवढं माहीत आहे तेवढं मी सांगितलं. डावी ओव्हरी नाही.

"पण तिच्यावर होतं काय? हिच्यासारखी गाठ? दुसरं काही? एका घरात दोघींना असलं तर मला माहीत हवं, पुढे हिची उजवी बाजू सांभाळायला. फाइल?"

फाइल नाही. ते हॉस्पिटल आता नाही, तिथे मोबाइलची दुकानं आहेत.

"मग कोणी बघितलं असेल ना? तेव्हाही बाहेर बोलावून दाखवायचेच. घरचा एक माणूस आत येतो, आम्ही ट्रे दाखवतो. कोण गेलं होतं?"

मी म्हटलं, वडील.

"तो पूछी लो ने, नयनाबेन. एटलुं ज."

विचारून घ्या ना. एवढंच.

*

एवढंच.

अण्णा आमच्याकडेच राहतात. तीन दिवस मी त्यांना चहा दिला, पेपर वाचून दाखवला, डोळ्यांत थेंब घातले. थेंब घालताना तर चेहरा माझ्या हातातच असतो. विचारलं नाही. आमच्या घरात मुलगी बापाशी बोलते तेव्हा तिला पोट असतं ते फक्त जेवण्यापुरतं. त्याच्या खाली काही नसतं.

आणि मला ते नुसतं डॉक्टरांसाठी नको आहे, हेही लिहून ठेवते, कोऱ्या बाजूवर आहे तोवर.

मूल हवं होतं ते आठ वर्षांनी मिळालं. दुसरं हवं होतं. त्याचं नाव ठरलेलं होतं, वरद, मुलगी झाली तर वरदा. ते आलं नाही. पण त्या हवेपणाला डॉक्टर होते, गोळ्या होत्या, कॅलेंडरवर खुणा होत्या, रडायला रीतसर दिवस होता महिन्यातून एक. ह्या दुसऱ्या हवेपणाला काहीच नाही. मला फक्त ते बघायचं आहे जे माझ्या आत होतं. कसं होतं? रंग कोणता? केवढं? सगळंच खराब झालं होतं की एखादा कोपरा चांगला होता? कधी वाटतं, रस्त्यात भेटलं तर ओळखता आलं पाहिजे. मूर्खपणा आहे. पण चोवीस वर्षं हा मूर्खपणा माझ्याबरोबर स्कूटरवर बसून ट्यूशनची पुस्तकं आणायला मंगळबाजाराच्या बाजूला जातो, भाजीला जातो.

आणि ते बघितलेला माणूस माझ्या शेजारी डाळिंबाचे दाणे मोजतोय.

*

दहा वाजायला पाच मिनिटं. विचारते.

*

विचारलं. जसंच्या तसं लिहिते.

"अण्णा, माझं ऑपरेशन झालं होतं तेव्हा आत तुम्ही गेला होतात ना?"

"कधी?"

"ब्याण्णवला."

"हो. मीच. तुझी आई घाबरट. त्या दिवशी सोमवार होता, मी फर्स्ट शिफ्ट सोडून आलो होतो. डॉक्टर फार सज्जन माणूस. त्यांचे वडील आमच्या डभोई लायनीवर गार्ड होते."

"त्यांनी तुम्हाला काय दाखवलं?"

"कोणी?"

"डॉक्टरांनी. ट्रेमध्ये."

अण्णांनी पुडी गुंडाळली. नीट, रेघेवर रेघ, वर्कशॉपात ड्रॉइंग गुंडाळायचे तशी. "आता त्याचं काय," म्हणाले. "आता पोरीचं बघ. किती वेळ झाला? पाऊण तास? डॉक्टर बाई दिसायला लहानच आहे गं. एवढ्याशा भोकातून कसं जमतं हिला? आम्ही बॉयलरमध्ये माणूस उतरवायचो पूर्ण, तरी नट सापडायचा नाही."

"अण्णा."

"हं."

"डॉक्टरांना पाहिजे आहे. मोहनासाठी. माझ्या ओव्हरीला काय झालं होतं?"

ओव्हरी हा शब्द मी त्यांच्यासमोर आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला. त्यांनी ऐकला. समोरच्या भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडे बघत राहिले. ओठ हलले, आणि मला वाटलं, आता

दार उघडलं. सिस्टर. "मोहनाना सगा? जोवा कोण आवे छे? एक ज जण."

बघायला कोण येतंय, एकच.

आणि अण्णा उठले! काठी न घेता. सदरा खाली ओढला आणि दाराकडे चालायला लागले. ती जणू त्यांचीच शिफ्ट होती.

"अण्णा, मी जाते."

"तू बस. तुला चक्कर येईल."

"येऊ दे."

"नयना, हे बायकांनी बघायचं नसतं."

"आहे कोणाचं पण ते?"

सिस्टर एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. दार तिच्या कोपराने धरलेलं होतं. अण्णांनी माझं मनगट पकडलं. पकड अजून लोखंडाच्या माणसाची आहे. अगदी हळू म्हणाले, "बघू नकोस. नाही बघवत. मी नव्हतं बघितलं."

*

(दुसऱ्या पेपरच्या मागे. मोहनाला खोलीत आणायला अजून अर्धा तास आहे. बारीकशी कण्हतेय, चांगलं लक्षण आहे म्हणतात.)

आत एक छोटी खोली, तिथपर्यंतच जाऊ देतात. मला हिरवा गाऊन दिला, तो उलटा घातला, सिस्टरने सुलटा करून दिला. ते सगळं होत असताना डोक्यात एकच वाक्य होतं आणि त्याचा अर्थ अजून लागत नव्हता. मी नव्हतं बघितलं.

डॉ. योगिनींनी मास्क खाली ओढला. हातात कानाच्या आकाराचा स्टीलचा ट्रे. "बराबर जुओ."

मी नीट बघितलं. कापलेली, रिकामी झालेली पांढरट पिशवी. तिच्या बाजूला थिजलेल्या तुपासारखं पिवळं काहीतरी, आणि केस. काळे, लांब, ओले, एकमेकांत गुंतलेले. मोहनाचे केस कुरळे आहेत. हे सरळ होते. एका कडेला, बोटाने बाजूला करून डॉक्टरांनी दाखवला, दात. दुधाच्या दातापेक्षा थोडा मोठा. मला चक्कर आली नाही. मला तो दात धुऊन घ्यावासा वाटला.

"तपासणीला जाईल, आठवड्याने रिपोर्ट. पण साधीच आहे."

"ओव्हरी?"

"राखी छे." ठेवली. "आवो, बतावुं."

रेकॉर्डिंग होतं. पडद्यावर सगळं गुलाबी, ओलं, चमकणारं. हे माझ्या मुलीचं पोट आहे हे स्वतःला सांगावं लागलं. लांब चिमटा आला आणि त्याने काहीतरी हलकेच उचललं. ही उजवी, डॉक्टर म्हणाल्या, हिला आपण हात लावला नाही. पांढरट. भिजवून सोललेल्या बदामासारखी, पण तेवढी गुळगुळीत नाही. मग चिमटा डावीकडे गेला. डावी लालसर होती, चुरगळलेली, कोणी घाईने उघडलेल्या पाकिटासारखी. गाठीने ताणून पातळ केली होती. "दोन-तीन महिन्यांत आकार घेईल. पुढे सोनोग्राफीत ओळखूपण येणार नाही की इथे काही झालं होतं."

"डावी परत दाखवता?"

त्यांनी मागे नेऊन परत दाखवली.

"परत?"

परत. चिमटा येतो, उचलतो, ती जराशी वळते, ठेवतो.

"वडिलांना विचारलं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्यांनी पाहिलं नव्हतं," मी म्हटलं. वाक्याचा अर्थ तेव्हा लागला, माझ्याच तोंडून ऐकल्यावर.

"तर लिहा, माहीत नाही. चालशे. मी उजवीवर लक्ष ठेवीन, दर वर्षी एक सोनोग्राफी." मग पडदा बंद करता करता थांबल्या. चांगल्या आहेत त्या, दुखवायला म्हणून बोलल्या नाहीत. "तुमचीही बहुतेक अशीच असेल, नयनाबेन. तेव्हा पोट उघडायचे आणि सगळंच काढायचे. आज असतं तर राखली असती."

आणि हात धुवायला गेल्या. पडदा काळा झाला. त्यात मी दिसत होते, गाऊनमधली.

*

बाहेर आले तर अण्णा उभेच. दाण्यांची रांग सांडून खाली गेली होती.

"बसा."

बसले.

"मोहना बरी आहे. सगळं नीट झालं." ते आधी सांगितलं. मग विचारलं, "आत्ता काय म्हणालात तुम्ही मला?"

ते भिंतीशीच बोलायला लागले.

"त्यांनी ट्रे पुढे केला. मी वर बघितलं. पंखा होता. तीन पात्यांचा, एका पात्याच्या मुळाशी रिवेट सुटलेलं, म्हणून हलत होता. मनात म्हटलं, ह्यांना सांगायला पाहिजे, पडेल कोणाच्या डोक्यावर. डॉक्टर म्हणाले, बघितलंत? मी म्हटलं, हो. ते म्हणाले, त्या बाजूचं सगळं काढावं लागलं. मी म्हटलं, बरं. कागद पुढे केला, सही केली. बाहेर आलो तर तुझी आई दारातच. काय होतं, अहो काय होतं. काय सांगणार? पोटातलं मला तेवढं एकच नाव माहीत होतं गं. आमच्या फोरमनचं त्याच महिन्यात झालं होतं."

"म्हणून अपेंडिक्स?"

"म्हणून."

"माझ्या लग्नासाठी नाही? लपवायचं म्हणून नाही?"

"लपवायला मला माहीत कुठे होतं?"

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. हॉस्पिटल आहे, म्हणून दात आवळून म्हटलं, "तेहतीस वर्षं, अण्णा. नंतर तरी?"

"नंतर तूच सांगायला लागलीस सगळ्यांना. अपेंडिक्स झालं, अपेंडिक्स झालं. कॉलेजात शिकलेली तू." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "मला वाटलं, असेलही."

मी पेन खाली ठेवलं होतं. हे आता लिहितेय. इतकी वर्षं मी समजत होते की माझा तो तुकडा कुठेतरी आहे. फेकला, जाळला, मातीत गेला असेल, पण अण्णांनी पाहिलाय, म्हणजे त्यांच्याजवळ आहे; मी विचारलं की ते काढून देतील. त्यांच्या डोळ्यांत थेंब घालताना मी कधीकधी उगाच एक सेकंद जास्त वाकायचे. तिथे पंखा होता.

आता तो कोणाकडेच नाही. विचारण्यासारखंही कोणी राहिलं नाही, आणि तरी ते हवंच आहे, सकाळी होतं तेवढंच. उलट आता मला त्याचा अंदाज आलाय, म्हणून जास्त.

आतून मोहनाचा आवाज आला, जड, जीभ न वळणारा. "आई, फोटो?" सिस्टरचं उत्तर ऐकू आलं, फोटो कशाला, आहे तुझी तुझ्याजवळ. मोहना काहीतरी पुटपुटली आणि परत झोपली असावी.

अण्णांनी ऐकलं.

"पोरीची ठेवली?"

"ठेवली."

"डावी?"

"हो. डावीच."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला. चेहरा नकाशा वाचायला बसल्यासारखा. म्हणाले, "तू बघितलीस?"

"तीन वेळा."

"केवढी असते?"

मी अंगठा आणि पहिलं बोट समोर धरलं, मध्ये जागा सोडून. थोडं कमी केलं, मग बरोबर केलं. "एवढी," म्हटलं. "पांढरट असते. बदामासारखी."

अण्णा पुढे वाकले. माझ्या दोन बोटांच्या मधल्या जागेकडे बघत राहिले, पापणी न हलवता. माझा हात अवघडला तरी मी तो खाली घेतला नाही.